सासूबाईंना चंद्रभागा दाखवा, मिस्टरांची स्पिती सप्टेंबरात

पत्र :

ताई, पंधरा दिवस झाले आमच्या घरात ट्रिपवरून वादावादी चालू आहे. मे महिन्यात बारा दिवस मिळतायत. ह्यांना हिमाचलमधल्या स्पितीला जायचंय, रोज रात्री मोबाईलवर तेच रील्स. जाऊबाई म्हणतात सात दिवसांचं शिमला-कुलू-मनाली पॅकेज घ्या आणि मोकळे व्हा, आम्ही तेच केलं. मुलगा दहा वर्षांचा, त्याला फक्त बर्फ पाहिजे. सासरे ७१, सगळी नोकरी चादरीच्या कारखान्यात गेली, ते काहीच बोलत नाहीत. सासूबाई ६७, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात, आधी दरवर्षी वारीला जायच्या, आता जमत नाही. मध्ये केदारनाथ म्हणत होत्या, आता म्हणतात तुम्ही जावा, मी घर सांभाळते. मला सगळ्यांना न्यायचंय आणि कुणी आजारी पडायला नको. काय करू?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर :

ताई, पत्र वाचून आधी मी हसले, कारण चार वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच्च चालू होतं, फक्त स्पितीच्या जागी लडाख होतं आणि रील्स आमच्या दिरांच्या मोबाईलवर होत्या. तेव्हा तुमच्या मिस्टरांवर माझा राग नाही, स्पिती आहेच तशी. पण ह्या वेळी नाही. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, आणि स्पितीतलं काझा गाव ३,६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी काझा वर राहतंय. मनालीकडनं जायचं तर मध्ये कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरची, मे महिन्यात ती बऱ्याचदा उघडलेलीही नसते, आणि किन्नौरकडनं हळूहळू चढत जायचं म्हटलं तर बारा दिवसांत सोलापूरहून जाऊन येणं म्हणजे निम्मी सुट्टी गाडीच्या सीटवर. बीपीची गोळी घेणाऱ्या बाईला तिथं नेऊन रात्री दोन वाजता ऑक्सिजन शोधत फिरायचं का? मिस्टरांना सांगा, सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर जावा, पाऊस ओसरलेला असतो, आकाश स्वच्छ असतं, आणि घरचे कुणी मागं बसून "अजून किती लांब" म्हणत नाहीत. केदारनाथचंही तेच, ३,५८३ मीटर, आणि गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरच्या वर चढ, दुखऱ्या गुडघ्यांना घोडा काय नि डोली काय, धक्के बसायचे ते बसतातच.

आता जाऊबाईंचं पॅकेज. मी स्वतः तसल्या पॅकेजनं एकदा जाऊन आलेय, कंपनीचं नाव घेत नाही, पण सात दिवसांत आम्ही चार हॉटेलं बदलली. रोज सकाळी बॅगा भरा, बाथरूममध्ये कुणाचा चष्मा राहिला बघा, बसमध्ये बसा. मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीत नेतो म्हणून पहाटे तीनला उठवलं, वळणावळणात आईला उलट्या सुरू झाल्या, शेवटी वर पोचलो तर ड्रायव्हर म्हणाला वीस मिनिटं, फोटो काढा आणि या. आईनं तो बर्फ गाडीच्या काचेतनं बघितला. हातात प्लास्टिकची पिशवी धरून. आजही कुणी मनाली म्हटलं की तिला ती पिशवीच आठवते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिमला सोडा, कसोल-मणिकर्ण सोडा, तिथं मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अडकायची हौस असेल तरच जावा. एकच खोरं घ्या, कुलूचं, आणि एक रात्र त्याच्या पलीकडं लाहौलमध्ये. बास. आणि मुक्काम मनालीत करू नका, नग्गरमध्ये करा.

नग्गर मनालीच्या अलीकडं वीसेक किलोमीटरवर, बियास नदीच्या डाव्या तीरावर, जरा उंचावर आहे. एके काळी कुलूच्या राजांची राजधानी होती. गावात राजाचा जुना वाडा आहे, त्याला कॅसल म्हणतात, पण आपल्याला किल्ला म्हटलं की जसा डोळ्यासमोर येतो तसला नाही हां, दगडाचा एक थर, त्यावर देवदाराच्या लाकडाची आडवी तुळई, परत दगड, परत लाकूड, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. ह्या बांधकामाला तिथं काठकुणी म्हणतात. १९०५ साली कांगड्याचा मोठा भूकंप झाला, त्या भागातली कितीतरी घरं कोसळली, हा वाडा तसाच उभा राहिला, कारण जमीन हलली की दगड-लाकूड मिळून थोडं थोडं हलतं आणि परत जागेवर बसतं. मुलाला हे नक्की दाखवा, शाळेत भूकंपाचा धडा असतोच. अंगणात एक छोटं देऊळ आहे, जगतीपट्ट, आत एक मोठी शिळा, आणि गोष्ट अशी की देवांनी मधमाश्यांचं रूप घेऊन ती शिळा डोंगरावरनं उडवत आणली. वर थोड्या अंतरावर निकोलस रोरिक ह्या रशियन चित्रकाराचं घर आहे, तो १९२८ पासून इथंच राहिला आणि १९४७ मध्ये इथंच गेला, हिमालयाची कितीतरी चित्रं काढली. चित्रांत इंटरेस्ट नसला तरी जावा, त्या घराच्या बागेतनं समोरचं खोरं दिसतं ना, सासरे तिथं बाकावर बसले की तासभर उठणार नाहीत.

सासऱ्यांवरनं आठवलं. ते काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांना बोलतं करायचं ठिकाण मला माहितीय. कुलू खोऱ्यात शालीचे हातमाग आहेत, तिथं त्याला खड्डी म्हणतात, आणि आपल्या सोलापुरी चादरीसारखंच कुलूच्या शालीलाही जीआय, म्हणजे त्या जागेच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालेलं आहे. आपल्याकडं चादरीवरचं डिझाईन जेकार्डवर, भोकं पाडलेल्या पत्त्यांवरनं उतरतं, बरोबर? तिथं शालीच्या काठावरची ती लाल-पिवळी-हिरवी नक्षी विणणारी बाई बोटानं दोरे मोजून, एकेक रंगाचा तुकडा हातानं घालत बसते. चार इंच काठ होईपर्यंत आपला चहा गार होतो. आमच्याबरोबर एक लांबचे काका होते, अशोक चौकातले, त्यांचंही आयुष्य मागावर गेलेलं, त्यांनी सगळ्या ट्रिपमध्ये डोंगराकडं मान वर करून बघितलं नाही पण तिथं त्या बाईच्या मागाशेजारी उकिडवे बसले आणि हातानं खुणा करून विचारायला लागले, धोटा (आडवा दोरा नेतो तो) असा का फेकता, ताणा किती. तिला मराठी येत नाही, ह्यांना हिंदी धड येत नाही, पाऊण तास गप्पा चालू. शेवटी तिनं त्यांना धोटा हातात दिला. त्यांनी दोन-तीन फेऱ्या टाकल्या आणि काय की पुटपुटत उठले, तेलुगूत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "हात अजून चालतोय." शाल घ्यायची असली तर अशा माग चालू असलेल्या ठिकाणी किंवा विणकरांच्या सोसायटीच्या दुकानात घ्या, रस्त्यावरच्या ढिगातली "कुलू शाल" बऱ्याचदा मशीनवरची असते, आणि ते तर सासरे हात लावूनच सांगतील.

मनालीसाठी एक दिवस पुष्कळ झाला. हिडिंबा देवीचं देऊळ सकाळी आठच्या आत गाठा, १५५३ सालचं आहे, देवदाराच्या दाट झाडीत, लाकडाचं, वर एकावर एक छपरं. भीमाची बायको हिडिंबा म्हणून सासूबाईंना सांगा, आणि आत मूर्ती शोधू नका म्हणावं, दगडावरच्या पावलाच्या ठशाची पूजा होते. दहानंतर तिथं जी गर्दी होती ती मी सांगायला नको, सशाला आणि याकला धरून फोटो काढणारे मागं लागतात. तिथनं वशिष्ठला जावा, गरम पाण्याचे कुंड आहेत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, सासूबाईंना पाय सोडून बसू द्या, पण पाणी चांगलंच गरम असतं, बीपी आहे म्हणून पाचेक मिनिटांच्या वर नको आणि एकटीला नको. मॉल रोड संध्याकाळी बघायचाच असला तर बघा, म्हणजे आपली गड्ड्याची जत्रा, फक्त स्वेटर घालून. सोलांगला झिपलाईन, पॅराग्लायडिंग असलं सगळं आहे, पण मे महिन्यात तिथं खाली बर्फ नसतो, "बर्फ दाखवतो" म्हणून कुणी तिथं नेलं तर हिरवं कुरण दाखवून आणतील.

बर्फ आणि सासूबाई, दोन्हीचं उत्तर बोगद्याच्या पलीकडं आहे. अटल टनेल, ३ ऑक्टोबर २०२० ला उघडला, ९.०२ किलोमीटर, रोहतांगच्या पोटातनं जातो. त्याच्या आधी लाहौलच्या लोकांचा सहा-सहा महिने बाकीच्या जगाशी रस्ताच तुटायचा, बाळंतीण असो का पेशंट. आता दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं. अलीकडं देवदाराची हिरवी झाडी, आत शिरलात, अंधार, पिवळे दिवे, मुलगा मोजत बसणार, आणि बाहेर पडलात की झाडं गायब, उघडे तपकिरी डोंगर, डोक्यावर बर्फ, आणि खाली राखाडी पाण्याची नदी. बोगद्यात गाडी थांबवून फोटो काढू नका, चलन होतंय.

ती जी राखाडी नदी दिसते ना, तिचं नाव चंद्रा.

तिच्या काठानं सिस्सू लागतं, समोर डोंगरावरनं पडणारा धबधबा, तळं, चहा-मॅगीची दुकानं. तिथनं पुढं नदी उजवी-डावी करत तासाभराच्या आत तांदी येतं. तांदीला पलीकडच्या दरीतनं दुसरी नदी येऊन मिळते, तिचं नाव भागा. दोघी उगवतात जवळजवळ एकाच ठिकाणी, बारालाचा खिंडीच्या आसपास, पण निघतात उलट्या दिशेला, डोंगराला मोठा वळसा घालून तांदीला भेटतात. तिथले लोक गोष्ट सांगतात की चंद्रा ही चंद्राची मुलगी, भागा हा सूर्याचा मुलगा, एकमेकांवर जीव होता, खिंडीवर वेगळे झाले आणि इथं येऊन एक झाले. आणि इथनं पुढं त्या नदीचं नाव काय? चंद्रभागा. खाली जम्मूकडं गेली की तीच चिनाब.

ताई, मला हे आधी माहिती नव्हतं. आम्ही तिथं थांबलो ते आमच्या ड्रायव्हरला चहा प्यायचा होता म्हणून. त्यानं सहज म्हटलं, "ये चंद्रभागा है जी." माझ्या सासूबाई मागच्या सीटवर डुलकी घेत होत्या, त्या एकदम सरळ बसल्या. "काय म्हणाला तो?" मग गाडीतनं उतरल्या, डोक्यावरनं पदर घेतला, पुलाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एका बाजूचं पाणी गढूळ, दुसऱ्या बाजूचं जरा निळसर, थोडं अंतर दोन्ही शेजारी शेजारी वाहतात आणि मग कळत नाही कुठलं कोणाचं. मी आपलं शहाणपण दाखवायला गेले की आई, आपली पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे भीमाच, तिथं नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला ते नाव, ह्या नदीशी तिचा काही संबंध नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "नाव घेतलं की झालं." आणि वाऱ्यात उभं राहून अभंग म्हणायला लागल्या. ड्रायव्हरनं गाडीचं गाणं बंद केलं.

पाण्यापर्यंत उतरायला दगड-गोटे आहेत, गुडघ्यांना जमणार नाही, आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी आहे, ओढ जोरात असते, तेव्हा मुलाला बिलकूल सोडू नका. मिस्टरांना काठाकडनं, जपून, एक बाटली भरून आणायला सांगा. आमच्या घरातल्या बाटलीचं पाणी पुढं आषाढीला पंढरपूरच्या घाटावर ओतलं, ते पुंडलिकाला आवडलं असेल का माहिती नाही, सासूबाईंना आवडलं.

त्या रात्री मुक्काम सिस्सूला किंवा पुढं केलाँगला करा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची तब्येत टुणटुणीत असेल तरच त्रिलोकनाथला जावा, चंद्रभागेच्या काठानं खाली जाणारा रस्ता आहे, त्या देवळात एकाच मूर्तीला हिंदू शंकर म्हणून पुजतात आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून, पुजारी लामा असतो. नाही जमलं तर सोडून द्या. परत येताना बोगद्याच्या तोंडाशी आत न शिरता आधी कोकसरकडं जा, मे महिन्यात त्या बाजूला रस्त्याकडेला बर्फाचे ढीग बऱ्याचदा शिल्लक असतात, मुलाला तासभर लोळू द्या. गमबूट आणि कोट भाड्यानं मिळतात, विकत घेऊ नका. मिस्टर म्हणतील अजून वर बारालाचाला किंवा शिंकुलाला जाऊ, तिथं बर्फाच्या भिंती आहेत, रील्समध्ये बघितलंय. दोन्ही पावणेपाच हजार मीटरच्या वर आहेत. नाही म्हणा. रोहतांगही ३,९७८ मीटर आहे, परमिट लागतं, मंगळवारी बंद असतं, आणि आमच्या आईच्या पिशवीची गोष्ट सांगितलीच आहे.

तब्येतीचं थोडक्यात. नग्गर अठराशे मीटर, सिस्सू-केलाँग एकतीसशेच्या आसपास, बोगद्यामुळं हा चढ दोन तासांत होतो, अंगाला कळायच्या आत. म्हणूनच आधी तीन रात्री नग्गरमध्ये घालवायच्या, आल्या आल्या दुसऱ्या दिवशी लाहौलला पळायचं नाही. निघायच्या आधी सासूबाईंना त्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन जा, किती उंचीवर जाणार ते आकड्यात सांगा, गोळ्या बारा दिवसांच्या नाही तर वीस दिवसांच्या घ्या. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, चालताना तोल जायला लागला तर रात्र काढू सकाळी बघू असं करायचं नाही, तसंच्या तसं गाडी काढून बोगदा ओलांडून खाली यायचं. खाली येणं हेच खरं औषध. पाणी भरपूर प्या, आणि मिस्टरांना सांगा पहिल्या रात्री लाहौलमध्ये दारू नको, हे पत्रात तुम्ही लिहिलं नाही पण मी आपलं सांगून ठेवते.

जायचं कसं, तर कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला जाते, एक दिवस आणि एक रात्र. रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, मे महिन्याची तिकिटं त्याच सकाळी काढा, दुपारपर्यंत वेटिंग लागतं. आणि एक गोष्ट, सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा, दोघांचंच. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ एका तिकिटावर एक किंवा दोन ज्येष्ठ असतील तेव्हाच मिळतो, पाचजणांचं एकत्र काढलं की गेला. दिल्लीहून रात्रीची व्होल्वो मनालीला जाते पण बारा तासांच्या वर पाय लोंबकळत बसायचं, पहाटे घाट, नको. दिल्ली ते चंदीगड ट्रेन, तिथं रात्री झोपा, सकाळी टॅक्सी, सात-आठ तास धरा, संध्याकाळी नग्गर. जाता-येता मिळून सहा-सात दिवस प्रवासात जातात हे खरं आहे, म्हणूनच म्हणतेय की उरलेले पळण्यात घालवू नका. आणि परतीच्या तिकिटाआधी एक दिवस रिकामा ठेवा, दरड कोसळली तर रस्ता बंद होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कुणी कितीही स्वस्त दिलं तरी जाऊ नका, जुलै २०२३ मध्ये बियासनं मनालीचा रस्ता कसा उचलून नेला ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय.

कपड्यांचं फार टेन्शन घेऊ नका, सोलापुरात मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस, तिथं दिवसा ऊन छान आणि रात्री थंडी, एक जाड स्वेटर, कानटोपी, पायमोजे, एवढं पुरतंय. खायला नग्गरमध्ये सिड्डू खा, वाफवलेली जाड भाकरीच म्हणा ना, आत खसखस-अक्रोडाचं सारण, वर तूप, सासूबाईंच्या दातांनाही चालेल. राजमा-भात सगळीकडं मिळतो. पण तिसऱ्या दिवशी घरातल्या एका तरी माणसाला काहीतरी झणझणीत लागणारच, तेव्हा कडक भाकरीची चवड आणि शेंगा चटणी बॅगेत वरच ठेवा, खाली नको, ट्रेनमध्येच उघडायची वेळ येते.

आणि सासूबाई "मी घर सांभाळते" म्हणतायत ना, त्यांना आत्ता केदारनाथ नाही, मनाली नाही, काही सांगू नका. आज संध्याकाळी दिवा लावून झाला की एवढंच म्हणा, आई, वर हिमालयात पण एक चंद्रभागा आहे म्हणे. पुढचं त्याच विचारतील.